लाल पेट्रोल गेलं कुठे?

१

दरीतून वर काढून शेडमध्ये आणलेल्या गाडीच्या टाकीतलं उरलेलं पेट्रोल सर्व्हेयरबाईंनी काचेच्या बरणीत काढून घेतलं आणि बरणी उजेडात धरली. पेट्रोल पिवळसर होतं.

शेजारी उभ्या असलेल्या थोरल्याने ते पाहिलं आणि तो मागच्या टायरवर बसला.

"हे माझं नाही," तो म्हणाला. "मी लाल भरलं होतं."

त्या भागातले पंपवाले प्रीमियम, म्हणजे जास्त ऑक्टेनच्या पेट्रोलमध्ये लालसर रंग घालत. साधं पेट्रोल पिवळसर. गल्लत होऊ नये एवढाच हेतू. थोरल्याने शर्यतीच्या आदल्या दिवशी सकाळी पंपावरून डबे आणून स्वतःच्या हाताने टाकी काठोकाठ लाल भरली होती. दुसऱ्या दिवशी त्याचा धाकटा भाऊ ती गाडी घेऊन घाटाच्या शर्यतीत उतरला. शेवटच्या वळणाच्या जरा अलीकडे इंजिन जाम झालं, मागची चाकं अडकली आणि गाडी फरफटत कठड्यावरून खाली गेली. धाकटा जगला. पण कंबरेखाली इतकी हाडं मोडली होती की तो पुन्हा चालेल का, या प्रश्नावर डॉक्टर खिडकीबाहेर बघत.

विमा कंपनीने बाईंना पाठवलं होतं ते इंजिन का जाम झालं हे ठरवायला. बाई इंजिनिअर होत्या, पन्नाशीच्या होत्या, आणि मोडक्या गाड्यांमध्ये त्यांचं निम्मं आयुष्य गेलं होतं. उभ्याने बोलणं त्यांना जमत नसे. त्यांनी एक लाकडी खोका ओढला आणि थोरल्यासमोर बसल्या.

"कालपर्यंत तुम्ही म्हणत होतात की चूक तुमची."

"माझीच. इंजिनचं हेड मी घासून पातळ केलं. सिलिंडरमधला दाब वाढवला. इग्निशन पुढे ओढलं, ठिणगी लवकर पडावी म्हणून. धाकटा म्हणायचा, अजून थोडी ताकद काढ दादा, आणि मी काढत गेलो." त्याने ग्रीसचे हात मांडीला पुसले. "गॅरेज बंद करतोय मी. तुम्ही अहवालात माझं नाव घाला. मी सही करतो."

"पण पेट्रोल बदललेलं आहे."

"मग शेडला कुलूप का नाही लावलं मी? तीही माझीच चूक."

बाईंनी भोवताली पाहिलं. शेड घराच्या मागच्या अंगणात होती. तिन्ही बाजूंना उंच भिंत होती, मोठं फाटक आतून कडीने बंद होत असे, आणि अंगणात यायची दुसरी वाट एकच होती. ती स्वयंपाकघरातून येत होती.

२

धाकट्याची बायको शिक्षिका होती. नवऱ्याजवळ दवाखान्यात ती मुलांचे पेपर तपासायला घेऊन बसली होती, पण लाल पेन तिने उघडलंच नव्हतं. नवरा औषधाच्या गुंगीत होता. ती आणि बाई बाहेरच्या बाकावर येऊन बसल्या.

"मी सांगून टाकते," ती आपणहून म्हणाली. "त्या सकाळी गाडीची किल्ली मी लपवली होती. पिठाच्या डब्यात. ते घरभर शोधत होते. शेवटी मला त्यांचा चेहरा बघवेना, मी काढून दिली."

"पेट्रोल?"

"पेट्रोलला हात नाही लावला. मला त्यातलं काही कळत नाही. पण गाडी बंद पडू दे, असं मी आदल्या रात्रीपासून म्हणत होते. निम्म्या घाटात बंद पडावी आणि सगळ्यांनी हसावं आणि यांनी नाद सोडावा. एवढंच. बंद पडलीच की."

बाईंनी विचारलं, "आदल्या दिवशी घरी कोण कोण होतं?"

"दुपारी पंपवाले आले होते, गाडीवर त्यांच्या जाहिरातीचे स्टिकर लावायला. शेडमध्ये बराच वेळ एकटेच होते. भाऊजी टायर आणायला गेले होते, हे झोपले होते, मी शाळेत. आणि बाबा घरी."

"बाबा म्हणजे तुमचे सासरे, मास्तर."

"हो. सगळं गाव त्यांना मास्तरच म्हणतं. निम्म्या गावाला गाडी चालवायला त्यांनी शिकवलंय." ती किंचित हसली. "त्यांची तब्येत बरी नव्हती त्या दिवशी. रात्री जेवले नाहीत. तोंड कडू झालंय म्हणाले, आणि ढेकरांवर ढेकर. मी ओव्याचं पाणी दिलं, तेही त्यांना पिववेना. तरीसुद्धा दुसऱ्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून घाटात आले. यांची एकही शर्यत त्यांनी आजवर पाहिली नव्हती. पोरखेळ म्हणायचे. हे इतके खूश झाले होते, की बाबा वर शेवटच्या रेषेपाशी उभे राहणार आहेत हे येईल त्याला सांगत होते."

बाईंना एक गोष्ट पहिल्या दिवसापासून खटकत होती. त्यांनी ती आता विचारली. "इंजिनमधून खडखड येत असणार. पिस्टनला भोक पडण्याआधी ते बऱ्यापैकी ओरडतं. तुमच्या यजमानांचा कान तयार आहे. त्यांनी अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय का नाही उचलला?"

"ते त्याबद्दल बोलतच नाहीत. विचारलं की भिंतीकडे तोंड करतात."

ती उठली. दाराशी जाऊन थांबली.

"बाई, पेट्रोल कुणी बदललं ते कळलं, तर मला सांगू नका."

"का?"

"घरात आम्ही चौघंच आहोत."

३

पंपवाल्याच्या ऑफिसात बसायला एकच खुर्ची होती. ती त्याने बाईंना दिली आणि स्वतः ऑइलच्या डब्यांवर बसला. काचेबाहेर त्याचा मोठा बोर्ड दिसत होता. त्यावर एक गाडी ढगांतून उडत होती आणि खाली लिहिलं होतं: प्रीमियम भरा. वेग वाढवा, मायलेज वाढवा.

"पोलीस येतील का?" त्याने विचारलं.

"का यावेत?"

"शेडमध्ये मी एकटा होतो. लोक बोलायला लागलेत. पण बाई, मी लालच दिलं होतं. माझ्या पंपाच्या टाकीचा नमुना घ्या, रंग बघा, तपासा हवं तर."

"तपासलं. लाल आहे आणि चांगलं आहे."

त्याने खांदे सैल सोडले. पण चेहरा काही सैल झाला नाही. "तरी मला झोप नाही. त्या बोर्डापायी. धाकट्याला मी हाताशी धरलं होतं. म्हटलं, तू जिंक, मी बोर्डावर लिहितो, माझ्या प्रीमियमवर पळणारी गाडी. आणि खरं सांगू का, माझ्या स्वतःच्या गाडीत दोन्ही घालून बघितलंय मी. काडीचा फरक पडत नाही."

"पडणारच नाही. ऑक्टेन म्हणजे ताकद नव्हे," बाई म्हणाल्या. "दाबाखाली दम धरण्याचा गुण आहे तो. सिलिंडरमध्ये ठिणगी पडते, ज्योत पसरत जाते. दाब फार असला तर ती पोचायच्या आतच कोपऱ्यातलं पेट्रोल आपोआप भडकतं आणि पिस्टनवर हातोडे बसतात. जास्त ऑक्टेनचं पेट्रोल तसं भडकत नाही. पण तुमच्या-माझ्या गाडीत मुळात तेवढा दाबच नसतो. तिथे दम धरणारं पेट्रोल घातलं काय नि साधं घातलं काय. वेगही तोच, मायलेजही तेच."

"आणि धाकट्याच्या गाडीत?"

"तिथे थोरल्याने हेड घासून दाब चढवला होता. जुनी गाडी, आपला आवाज ऐकून स्वतःला सावरणारा कॉम्प्युटर नाही. तिच्यात साधं घालून घाट चढायचा म्हणजे इंजिन हातोड्याखाली ठेवायचं."

पंपवाल्याने बोर्डाकडे पाठ केली.

"माझ्यावर संशय नाही तुमचा?"

"गाडी जिंकली तर फायदा तुमचा होता. शिवाय तुम्ही स्कूटरवर आला होतात. टाकीभर पेट्रोल स्कूटरवरून नेलं कुठे असतं?"

हे बोलता बोलता बाई थबकल्या. गेले काही दिवस त्या एकच विचारत होत्या, साधं पेट्रोल कुणी घातलं. घातकी माणसाला लाल पेट्रोल काढून टाकायचंच होतं, तर त्याने ते ओतलं कुठे? अंगणातली फरशी त्यांनी पाहिली होती. डाग नव्हता. शेडमागे पुदिना हिरवागार होता. मोरीत ओतलं असतं तर घरभर वास सुटला असता, आणि सुनेने वासाचं नाव काढलं नव्हतं.

लाल पेट्रोल फेकून दिलेलंच नव्हतं. ज्याने काढलं, त्याला ते फेकवलं नव्हतं.

"मास्तर तुमच्याकडेच पेट्रोल भरतात?" त्यांनी विचारलं.

"कायम. पण साधं. लाल त्यांनी जन्मात घेतलं नाही. उलट पंपावर उभे राहून दुसऱ्याला सांगतात, अरे, कशाला जास्तीचे घालवतोस. माझी गिऱ्हाइकं फुटतात त्यांच्यापायी." तो ओशाळून हसला. "त्यांचं बरोबरच आहे म्हणा."

"हो," बाई म्हणाल्या. "तेच तर आहे."

४

मास्तरांच्या बैठकीच्या खोलीत वाहतुकीच्या खुणांचे जुने तक्ते अजून भिंतीवर होते. एका कोपऱ्यात लोखंडी चौकटीवर बसवलेलं स्टिअरिंग होतं. शिकाऊ माणसांना ते आधी महिनाभर हे नुसतं फिरवायला लावत. सत्तरी ओलांडलेला माणूस, पण बसण्यात ताठपणा होता. चहा त्यांनी स्वतः केला.

"विचारा," ते म्हणाले.

"अपघात कशाने झाला असेल, तुमचं काय मत?"

"थोरल्याने इंजिन जास्त ताणलं." ते कपाकडे बघत बोलत होते. "मी त्याला म्हणालो, होतं असं. माणूस शिकतो त्यातून."

"तो गॅरेज बंद करतोय."

"हं."

"पेट्रोल बदललं होतं हे कळलंय तुम्हाला?"

"कळलं. पण बाई, पेट्रोल बदलल्याने इंजिन फुटतं हे मला पटत नाही. या प्रीमियमचं नुसतं थोतांड आहे. घरात रोज वाद व्हायचा. थोरला म्हणायचा, लाल नाही घातलं तर इंजिन मरेल. मी म्हणायचो, पंपवाल्याने तुला ही पोपटपंची शिकवलीय. पेट्रोल ते पेट्रोल." त्यांच्या आवाजात जुनी धार आली. आठवणीतला वाद पुन्हा रंगला होता. "मी उगाच बोलत नाही. माझ्या गाडीत घालून बघितलंय. चढावर तेवढंच ओढते, मायलेज होतं तेवढंच. थेंबाचा फरक नाही."

"बरोबर आहे," बाई म्हणाल्या. "तुमच्या गाडीत फरक पडणारच नाही."

"मग."

"कधी बघितलंत घालून?"

मास्तरांनी कप उचलून तोंडाला लावला.

"पंपवाला म्हणतो, तुम्ही लाल कधीच घेतलं नाही. तुम्ही घेणारच नाही. मग ते तुमच्या गाडीत आलं कुठून?"

त्यांनी कप बशीच्या कडेवर ठेवला आणि तो कलंडला. चहा टेबलावर सांडला आणि कडेने ठिबकायला लागला. दोघांपैकी कुणी तो पुसला नाही.

"मास्तर," बाई उठत म्हणाल्या, "मला दवाखान्यात सोडता का? तुमच्या गाडीतून."

५

गाडी अंगणात उभी होती. जुनी, पण काचा लख्ख. बाईंनी टाकीचं झाकण उघडलं, तारेच्या टोकाला रुमाल गुंडाळून आत बुडवला आणि बाहेर काढला. पांढऱ्या कापडावर फिकट गुलाबी रंग चढला होता.

"थोडं तुमचं साधं त्यात मिसळलंय, म्हणून फिकट," त्या म्हणाल्या.

मास्तरांनी रुमालाकडे पाहिलं नाही. ते स्वयंपाकघराच्या दारातल्या पायरीवर बसले. बाईही बसल्या.

"पंपवाला गेल्यावर केलंत."

"हो. धाकटा झोपला होता."

"रबरी नळी लावून, तोंडाने ओढून. पेट्रोल पोटात गेलं. म्हणून जेवला नाहीत."

"सुनेने ओव्याचं पाणी दिलं," मास्तर म्हणाले. "बिचारी रात्री उठून विचारत होती, बाबा, बरं वाटतं का."

"तुमच्या गाडीतलं साधं त्याच्या टाकीत, त्याचं लाल तुमच्या गाडीत. वाया काही घालवलं नाहीत. घातपात करणारा माणूस असा जपून काम करत नाही, मास्तर. हे करणाऱ्याला गाडी बिघडवायची नव्हती. ती बिघडणार नाही, अशी त्याची खात्री होती. आणि ती खात्री खरी ठरताना डोळ्यांनी बघायला तो पहिल्यांदाच घाटात गेला."

मास्तर मान हलवत राहिले. मग बोलायला लागले, ते अडखळत, एखादा शिकाऊ वळणावळणावर ब्रेक दाबत घाट उतरतो तसे.

"मला वाटलं, जिंकेल. जिंकला की सगळ्यांसमोर सांगायचं, ही गाडी साध्या पेट्रोलवर आली. थोरल्याचं तोंड बघायचं होतं. पंपवाल्याचं बघायचं होतं. आयुष्यभर लोकांना सांगत आलो, आणि माझ्याच घरात माझं कुणी ऐकत नव्हतं." ते थांबले. "मी वर उभा होतो. आवाज आला खालून. खडखड. मला कळलं. पन्नास वर्षं गाड्या ऐकतोय, मला नाही कळणार? मी हात वर केला, त्याला थांब म्हणायला. त्याला वाटलं असेल, मी ये, ये म्हणतोय."

बाईंनी तारेवरचा रुमाल सोडवला.

"पण ते सोडा. ते चुकून झालं, असं मी स्वतःला सांगू शकतो. सांगतोच. त्यानंतरचं काय? थोरला माझ्यासमोर बसून रडला. म्हणाला, बाबा, मी मारला असता त्याला. आणि मी त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणालो, होतं असं. मीच म्हणालो. या तोंडाने." त्यांनी ओठ पुसले, अजून काही लागलं असल्यासारखे. "मग रोज ठरवत होतो, आज सांगू. एक दिवस गेला की दुसऱ्या दिवशी ते आणखी जड व्हायचं."

"मला अहवालात खरं लिहावं लागेल."

"लिहा."

"उद्या लिहीन. पण माझ्या अहवालातून ते थोरल्याला कळू नये."

मास्तर उठले. शेडच्या आत वाकून काम करणाऱ्या थोरल्याची पाठ तिथून दिसत होती. तो हत्यारं पुसून एकेक खोक्यात भरत होता. मास्तर शेडमध्ये गेले. बाई गाडीपाशी थांबल्या. आतलं बोलणं त्यांना ऐकू आलं नाही. एकदा काहीतरी लोखंडी जमिनीवर पडल्याचा आवाज आला.

थोरला बाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा रागाने पांढरा पडला होता. तो बाईंजवळून गेला, फाटक उघडलं आणि किल्ल्यांसाठी मागोमाग आलेल्या वडिलांपुढे हात धरला.

"मी चालवतो," तो म्हणाला. "तुम्ही आज नको."

तिघं दवाखान्याकडे निघाले.

६

धाकटा जागा होता. बायको त्याला चमच्याने पाणी पाजत होती. बाप, भाऊ आणि सर्व्हेयरबाई एकदम आत आलेले पाहून तिने चमचा खाली ठेवला आणि पदर घट्ट धरला. बाई दाराशीच थांबल्या. खुर्ची रिकामी होती, तरी त्या बसल्या नाहीत.

मास्तर पलंगाशी उभे राहिले. त्यांनी सांगितलं. आडवळण घेतलं नाही. नळी, टाकी, लाल, पिवळं, वर उभं राहणं, हात करणं, आणि नंतर थोरल्याला जे म्हणाले तेही. सूनबाई ऐकत होती, आणि ऐकता ऐकता तिने तोंड फिरवलं. पिठाच्या डब्यातून काढून दिलेली किल्ली तिला आठवत असावी.

धाकटा छताकडे बघत होता.

"मला आवाज येत होता," तो म्हणाला.

थोरला पुढे झाला. "काय?"

"दुसऱ्या वळणापासून. खडखड. दादा, मला कळलं होतं की पाय उचलायला हवा. तूच शिकवलंस." त्याला बोलताना धाप लागत होती. "नाही उचलला. बाबा वर उभे होते."

"अरे," थोरला म्हणाला.

"कधी आले नव्हते ना. म्हटलं, इंजिन गेलं तर जाऊ दे, तेवढी रेष ओलांडतो. दादा बांधेल दुसरं. तुला सांगायची लाज वाटत होती. तू सगळं स्वतःवर घेत होतास आणि मी भिंतीकडे तोंड करून पडलो होतो."

बाहेर कुणीतरी ढकलगाडी नेत होतं, तिचं एक चाक कुरकुरत गेलं. थोरल्याने पलंगाची लोखंडी कड दोन्ही हातांनी धरली होती. त्याचा राग आता कुठे ठेवावा हे त्याला कळत नव्हतं.

"बाबा," धाकटा म्हणाला.

"हं."

"वर पोचलो असतो, तर काय म्हणाला असतात?"

मास्तरांनी विचार केला. खोटं सांगणं सोपं होतं. दारातल्या बाईंनाही क्षणभर वाटलं, आता हा माणूस शाबास म्हणेल, पोरासाठी तेवढं करेल.

"म्हणालो असतो, बघ, साध्या पेट्रोलवर आलास."

"आणि?"

"आणि काही नाही. तेवढंच मला म्हणता आलं असतं."

धाकटा हसला. हसल्यावर त्याच्या कमरेतून कळ गेली, तोंड वेडंवाकडं झालं, आणि तरी तो हसतच राहिला. त्याच्या बायकोने धावत जाऊन त्याचे खांदे धरले. मास्तर दोन्ही हात लोंबते सोडून तसेच उभे होते. थोड्या वेळाने थोरल्याने पलंगाखालचं स्टूल पायाने बाहेर ओढलं आणि वडिलांच्या दिशेने सरकवलं. त्यांच्याकडे न बघता.

"बसा," तो म्हणाला.